अळणी

बिभीषण सर शेवगावच्या ज्युनिअर कॉलेजात सत्तावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते. अकरावीला पहिल्या गणातले धातू आले की त्यांना वेगळंच अवसान चढायचं. फळा स्वतः ओल्या फडक्यानं पुसायचा, पट्टी लावून तक्ता आखायचा आणि एकाखाली एक पाच नावं लिहायची: लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम. प्रत्येकासमोर इलेक्ट्रॉनांची मांडणी. दोन, एक. दोन, आठ, एक. दोन, आठ, आठ, एक. पुढच्या दोघांची लांबलचक. पोरं उतरवून घेत असताना सर प्रत्येक ओळीतल्या शेवटच्या एकाभोवती लाल खडूनं गोल काढत जायचे.

"बाकीचे आकडे वाढत जातात," ते म्हणायचे. "शेवटचा बघा. सगळ्यांचा एकच. म्हणून हे सगळे एका रक्ताचे. आकारानं लहान-मोठे असतील, पण वागणूक सारखी."

या तक्त्यावर त्यांचा एवढा जीव का होता, हे कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. त्यातल्या पहिल्या नावानं त्यांना त्यांची बायको परत मिळवून दिली होती.

पुष्पावती मिरजगावची. लग्नाला पाच वर्षं झाली होती तेव्हा एका उन्हाळ्यात तिची झोप उडाली. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही, तरी थकवा म्हणून नाही. उलट तिला कामं सुचत होती, गाणी सुचत होती, बोलणं थांबत नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी तिनं घरातली सगळी भांडी अंगणात मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना वाटायला सुरुवात केली. कळशी, परात, रुखवतातले डबे. सर कॉलेजातून आले तेव्हा स्वयंपाकघरात फक्त तवा उरला होता. पुढं पाच महिने ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी देवऋषी सुचवला. सर तिला एसटीत बसवून, तिसगावमार्गे, करंजीचा घाट उतरून नगरला घेऊन गेले.

तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. सरांनी ती वाचली आणि त्यांचा विश्वासच बसेना.

"लिथियम कार्बोनेट? डॉक्टर, हा तर आमच्या तक्त्यातला पहिला."

"तुमच्याच तक्त्यातला," डॉक्टर हसले. "एक प्रकारचं मीठच समजा. फक्त रक्तात किती आहे ते दर सहा महिन्यांनी तपासायचं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष."

तीन आठवड्यांत पुष्पावती उठून बसली. दीड महिन्यात तिनं स्वतः चुलीवर भाकरी टाकली. सरांनी त्या दिवशी भाकरी खाताना मान खाली घातली होती, कारण डोळे भरून आले होते. गोळीचा गर्भाला अपाय होईल या धास्तीनं त्यांनी मूल होऊ दिलं नाही. ते दुःख दोघांनी गिळलं. आणि एक गोष्ट सरांनी पक्की ठरवली की हे कुणाला कळू द्यायचं नाही. गाव एकदा वेडी म्हणायला लागलं की मरेपर्यंत म्हणतं. नगरची फेरी म्हणजे मावशीला भेटायला जाणं, आणि गोळी म्हणजे शक्तीची गोळी. पुष्पावतीलाही त्यांनी हेच पढवलं. एकवीस वर्षं ही गोष्ट त्या दोघांत राहिली.

ती पुढं बाजारपेठेत आसाराम शेटच्या भांड्यांच्या दुकानात कामाला लागली. लग्नाची भांडी घेतली की त्यावर नावं घालून द्यावी लागतात. दुकानात त्याचं छोटं मशीन होतं, पेनासारखं हातात धरायचं, आणि पुष्पावतीचं अक्षर असं की माणसं मुद्दाम थांबून तिच्याकडून नाव घालून घ्यायची. ताटाच्या काठावर गोल फिरवून पूर्ण नाव, गाव, तारीख. हात जरा हलला तर ताट वाया. तिचा कधी हलला नाही.

यंदाच्या श्रावणात तिला दोनदा घेरी आली. सरांनी तिला गावातल्याच एका डॉक्टरांकडं नेलं. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, लघवी जास्त करवणारी, आणि म्हणाले, "मीठ कमी करा. आणखी कुठलं औषध चालू आहे का यांना?"

टेबलाशेजारी केसपेपर लिहीत बसलेला कंपाउंडर सुनील हा सरांचाच जुना विद्यार्थी. त्यांच्याच गल्लीत राहायचा. पुष्पावतीनं सरांकडं पाहिलं.

"नाही," सर म्हणाले. "दुसरं काही नाही."

घरी येऊन त्यांनी ते पथ्य हातात घेतलं. कमी करा म्हटलं तर सरांना बंदच करणं बरं वाटायचं. अर्धवट काम त्यांना जमत नसे. लोणच्याची बरणी शेजारच्या सुमनबाईंना दिली. पापडाचा डबा दिला. स्वयंपाक ते स्वतः बघू लागले. वरण अळणी, भाजी अळणी, भाकरीच्या पाण्यातसुद्धा मीठ नाही. स्वतःही तेच खायचे. तिच्यासोबत आपणही सोसतो आहोत याचं त्यांना समाधान होतं.

पंधरा दिवसांनी पुष्पावती म्हणाली, "चिमूटभर द्या हो. घशाखाली उतरंना."

"होईल सवय."

"सवयीचं न्हाई. जीव मागतोय मिठाला. कसं सांगू तुमाला, लई मागतोय."

"पुष्पा, मीठ तुला विष आहे. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

तिनं पाण्याच्या घोटाबरोबर घास गिळला. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं. दुकानातून चालत येताना ती घामानं भिजून यायची आणि तांब्याभर पाणी पिऊन पडून राहायची. नगरची रक्ताची तपासणी गणपतीतच करायची होती. सर म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. एकदा त्यांना डब्यामागं कागदाची छोटी पुडी सापडली. पेरूवाल्याकडून मिळते तसली, तिखट-मिठाची. त्यांनी तिच्यादेखत ती मोरीत रिकामी केली आणि वरून पाणी ओतलं. पुष्पावती चौकटीला धरून उभी होती. पाणी वाहून गेलं तरी मोरीकडंच बघत राहिली.

दसऱ्याच्या आधी आसाराम शेटनी तिला घरी पाठवलं. एका नवरीच्या ताटावर रेश्मा हे नाव घालताना शेवटचा काना काठाबाहेर गेला होता. पाठोपाठ दुसरं ताटही तसंच. शेट रागावले नाहीत. "वहिनी, थोडे दिवस आराम करा," एवढंच म्हणाले. ती घरी आली ती हात पदरात गुंडाळून. रात्री जेवताना घास तोंडापाशी नेईस्तोवर बोटं थरथरत होती. चालताना पाय फेकल्यासारखे पडायचे. शब्द जिभेवर अडकायचे.

सरांना भीती वाटली ती जुन्याच दुखण्याची. एकवीस वर्षांनी ते परत डोकं काढतंय, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी एक काळजी घेतली. लिथियमची एकही गोळी चुकू द्यायची नाही. सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं तिच्या जिभेवर ठेवायचे, पाणी पाजायचे, गिळली का ते बघायचे. शेवटच्या दोन दिवसांत तिला जुलाब लागले होते, तेव्हाही त्यांनी गोळी चुकवली नाही.

त्या मंगळवारी पहिला तास अकरावीचा होता. सुमनबाईंना जरा लक्ष ठेवायला सांगून सर कॉलेजात गेले. तक्ता आखला. पाच नावं, पाच मांडण्या, पाच लाल गोल. आवाजात नेहमीचा जोर नव्हता, पण हात सवयीनं चालत होता.

"हा बाहेरचा एक इलेक्ट्रॉन निघून गेला की काय उरतं?" त्यांनी विचारलं. "लिथियमचा प्लस वन, सोडियमचा प्लस वन. दोघांवर भार सारखाच."

दुसऱ्या बाकावरची निकिता उभी राहिली. वस्तीवरून एसटीनं यायची, एकही तास शंका विचारल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

"सर, सोडियम आपल्या शरीराला लागतं ना? मिठातून मिळतं."

"लागतं."

"मग लिथियम शरीरात गेलं तर शरीराला कळेल का, की हे दुसरं हाय? का ते सोडियमच समजंल?"

प्रश्न चांगला होता. सर खूश झाले. वळून फळ्याकडं तोंड करून ते बोलू लागले, "काही ठिकाणी सोडियमच समजेल. आता मूत्रपिंडाचं घ्या. शरीरात मीठ कमी पडलं तर मूत्रपिंड काय करतं? सोडियम बाहेर जाऊ देत नाही, धरून ठेवतं. त्याच्या सोबत लिथियम असेल तर तेही…"

खडू फळ्यावर टेकलेला होता. तो तिथंच राहिला.

पोरांना वाटलं सर शब्द शोधताहेत. कुणीतरी पेन खाली ठेवलं. सरांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मीठ कमी पडलं तर धरून ठेवतं. लघवी जास्त करवणारी गोळी. घाम. जुलाब. सकाळी सात वाजता त्यांनी तिच्या जिभेवर ठेवलेली गोळी. सत्तावीस वर्षं जो तक्ता ते पोरांकडून घोकून घेत होते, तो त्यांच्या स्वयंपाकघरात दोन महिने त्यांच्या नाकासमोर होता.

"सर, बरं वाटंना का?" निकितानं विचारलं.

सर वर्गाबाहेर पडले. मोटारसायकलची किल्ली स्टाफरूमच्या टेबलावर राहिली. ती आणायलाही ते थांबले नाहीत. त्रेपन्नाव्या वर्षी भर उन्हात ते पळत घरी गेले.

घरासमोर चार बाया जमल्या होत्या. सुमनबाई ओट्यावरून खाली आल्या. "आवो सर, तुमालाच फोन लावत हुते. उलटी झाली आन्‌ पडल्या. वळखत न्हाई कुनाला."

पुष्पावती स्वयंपाकघराच्या फरशीवर होती. हातापायांना झटके येत होते, डोळे उघडे होते आणि बुबुळं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत होती. सरांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. डब्यातून मीठ काढून तिच्या ओठांवर लावावं असं त्यांना क्षणभर वाटलं. हात डब्याकडं गेलासुद्धा. मग कळलं की आता त्याचा उपयोग नाही.

गल्लीतल्या ज्ञानेश्वरनं आपली जीप काढली. नगरच्या हॉस्पिटलात रक्त तपासलं. लिथियम एक-सव्वाच्या वर जाऊ द्यायचं नसतं, ते साडेतीनच्या पुढं गेलं होतं. लगेच डायलिसिसला घेतलं. तरुण डॉक्टर बाहेर येऊन विचारू लागला.

"बीपीची गोळी कधीपासून?"

"श्रावणापासून."

"ज्यांनी दिली त्यांना लिथियमबद्दल सांगितलं नव्हतं?"

"त्यांनी विचारलं होतं," सर म्हणाले. "मी नाही म्हणून सांगितलं."

डॉक्टरनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. "आपण काय करता?"

"रसायनशास्त्र शिकवतो."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

संध्याकाळी नर्सनं जुनी कागदपत्रं मागितली. सरांनी पिशवीतून एकवीस वर्षांची फाइल काढली, ज्ञानेश्वरनं घरून आणलेली. अगदी तळाशी म्हाताऱ्या डॉक्टरांचा पहिला कागद होता, घड्यांवर फाटलेला. औषधाच्या नावाखाली मराठीत दोन ओळी होत्या: पाणी भरपूर. मीठ नेहमीप्रमाणे, कमी करू नये. सरांनी हा कागद त्या काळी कितीदा तरी वाचला असणार. त्यांना तो वाचल्याचं आठवतच नव्हतं.

अकराव्या दिवशी पुष्पावती शुद्धीवर आली. सरांना ओळखलं. बोलायला तोंड उघडलं तर आवाज दारू प्यालेल्या माणसासारखा लडबडत निघाला. उभी केली तर डावीकडं कोसळली. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा तोल सांभाळणारा भाग दुखावला आहे. सहा महिन्यांत जे परत यायचं ते येईल, नंतर फारशी आशा नाही. रक्तातलं लिथियम उतरलं होतं. झालेलं नुकसान उतरलं नव्हतं.

घरी आल्यावर सर तिचं सगळं करू लागले. आंघोळ घालायची, वेणी घालायची, कप दोन्ही हातांनी धरून चहा पाजायचा. भिंतीला धरून तिला चालवायचं. वेलांटीदेखील काढता येईना तरी वही समोर ठेवून पेन तिच्या बोटांत धरवायचे. दोन महिन्यांत ती दारापासून ओट्यापर्यंत धरून धरून जायला लागली. त्यापुढं गाडी सरकली नाही.

आणि गल्ली त्यांचं कौतुक करायला लागली. असा नवरा बघितला नाही, म्हणायला लागली. जानेवारीत एके सकाळी सुमनबाई ओट्यावर उन्हाला येऊन बसल्या. पुष्पावती खुर्चीत होती, सर तिच्या पायाला तेल लावत होते.

"पुष्पाबाई, मागच्या जन्मीचं पुन्य गं तुझं," सुमनबाई म्हणाल्या. "सरांनी लई केलं तुझं."

पुष्पावतीनं हात उचलले. ते हवेत भरकटले, एकमेकांना चुकले. तिसऱ्या खेपेला तिनं ते कसेबसे जुळवले आणि नवऱ्यापुढं धरले.

सरांना ते सोसलं नाही. सुमनबाई गेल्यावर त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. फळा नव्हता, तक्ता नव्हता; जमिनीकडं बघत साध्या शब्दांत सांगितलं. गोळीतलं मीठ आणि जेवणातलं मीठ दोन्ही एकाच घराण्यातली. जेवणातलं मिळेना म्हणून शरीरानं गोळीतलं धरून ठेवलं, साठवलं, आणि त्यानं हे केलं. मी डॉक्टरांना खोटं बोललो. मी मीठ बंद केलं. मी गोळी चुकू दिली नाही.

पुष्पावतीनं त्यांच्या तेलकट हातांकडं पाहिलं. मग एकेक शब्द वेगळा काढत म्हणाली, "म्हंजे… मी मागत हुते… ते बरोबर हुतं."

"व्हय," सर म्हणाले. कॉलेजात कधी न येणारी घरची बोली त्यांच्या तोंडी आली.

"पुडी… ओतली तुमी."

"व्हय."

"डाक्टरला… न्हाई का म्हनला?"

"सुनील बसला होता तिथं. लोक काय म्हणतील म्हणून."

तिनं रस्त्याकडं पाहिलं. दोन पोरी सायकलवरून कॉलेजला चालल्या होत्या. ती रडली नाही, रागावली नाही. दुपारी सरांनी ताट आणलं तेव्हा तिनं तोंड मिटून घेतलं. संध्याकाळीही. दुसऱ्या दिवशी सुमनबाईंनी भरवलं तेव्हा चार घास खाल्ले.

लिथियम आता तिला देता येणार नव्हतं. दुसऱ्या गोळ्या सुरू केल्या होत्या, पण त्यांनी जुनं दुखणं आवरलं नाही. फेब्रुवारीत पुष्पावतीनं भिंतीकडं तोंड केलं. तरुणपणी ती अशी पडली होती तेव्हा सरांनी पाठीवर हात ठेवला तर निदान अंग सैल सोडायची. आता हात लागला की आक्रसून घ्यायची. तिची थोरली बहीण छबूबाई मिरजगावहून आली, दोन दिवस राहिली, सगळं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दाजी, मी घिऊन जाते तिला." सरांनी पिशवी भरून दिली. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिल्या आणि खाली लिहिलं, मीठ नेहमीप्रमाणे. ते लिहून झाल्यावर त्यांना त्या कागदाकडं बघवेना.

जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं. पहिल्या गणाचा धडा यंदा माझ्याकडं नको, असं त्यांनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी कारण विचारलं नाही. तो धडा नव्या आलेल्या मॅडमकडं गेला. सर प्रात्यक्षिकं घ्यायचे, वह्या तपासायचे, घरी येऊन पिठलं-भात करायचे. खारट झालं की अळणी झालं हे त्यांना कळेनासं झालं होतं.

दर रविवारी ते मिरजगावला जात. पहाटेची एसटी, नगरला बदलायची, अकराच्या सुमाराला पोचायचं. छबूबाईच्या ओसरीत पुष्पावती बाजेवर असायची. सर शेजारी स्टुलावर बसायचे. काही वेळा आठवड्यातलं काही सांगायचे. शेटनी दुकान वाढवलं, सुमनबाईंच्या नातवाला दात आला. ती भिंतीकडंच बघायची. चारच्या गाडीनं ते परत फिरायचे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ते निघाले तेव्हा छबूबाई त्यांच्यासोबत रस्त्यापर्यंत चालत आली. हायवेवरून ट्रक जात होते म्हणून तिला थांबून थांबून बोलावं लागलं.

"दाजी, वाईट वाटून घिऊ नका."

"बोला ताई."

"तुमी येऊन गेला का ती दोन-दोन दिवस जेवत न्हाई. मंगळवारी कुठं घास घेती. बुधवारपसनं जरा माझ्याशी बोलती, आन्‌ शनवार आला का पुन्हा गप व्हती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या हातात न्हाई वो. नकाच येऊ थोडे दिवस."

"ती म्हणाली का तसं?"

छबूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हणाली असेल तर सांगा," सर म्हणाले. "मला चालेल."

"म्हनली," छबूबाई म्हणाली.

सरांनी मान हलवली. पिशवीतून आणलेली केळी तिच्या हातात द्यायची राहून गेली होती, ती दिली. गाडी आली तेव्हा ते चढले, खिडकीशी जागा होती तिथं बसले. कंडक्टरनं दोनदा विचारल्यावर त्यांना आपल्याला कुठं जायचं आहे ते सांगता आलं.

पुढच्या रविवारी ते पहाटे उठले. अंघोळ केली, कपडे घातले, चहा केला. पहाटेच्या गाडीचा हॉर्न स्टँडाच्या दिशेनं ऐकू आला तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसलेले होते. गाडी गेली. ऊन दारातून आत येऊन त्यांच्या पायांवर आलं, पायांवरून भिंतीवर गेलं, तरी ते तिथंच बसून होते.